अस्तरावरचा निळा

शहागडला महामार्गालगत ट्रक रंगवणारे सिराजोद्दीन पेंटर दोन वर्षांपासून अस्तराचा पहिला हात मारून नुसते बसत. पुढचा रंगच सुचत नसे. नैराश्याच्या गोळ्या बदलून पाहिल्या, गुण आला नाही. आता संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर यंत्राने डोक्याला चुंबकाचे ठोके देत होते. निम्मा उपचार झाला, तरी फरक दिसेना.

परतीच्या बसमध्ये त्यांची बायको चाँदबी हळूच म्हणाली, "भाऊ, लई खर्चा होऊन राह्यला. बंद करावं का?"

मी त्यांचा शेजारी, सोबतीला आलेलो; साखर कारखान्यात हिशेब पाहतो. म्हणालो, "भाभी, गोळ्या स्वस्त होत्या, पण दोन वर्षं बुडालेली कमाईही त्यांच्याच खर्चात धरा."

"तुमचा हिसाब बराबर हाय. माणूस तर हलंना!"

शहागडला उतरलो. सिराजभाई घरी न वळता गोदावरीकडे चालू लागले, आम्ही मागे. पाण्यावर संध्याकाळ पसरली होती. काठ, बगळे, आम्ही सगळेच जणू तरंगत होतो.

"हा निळा डब्यात मिळत न्हाई," ते पुटपुटले. "थेंबभर जांभळा टाकावा लागंल."

"निळ्यात जांभळा? ट्रक का वांगं?" चाँदबी म्हणाली.

"तू गप! त्याबिगर बगळा उठून दिसंल कसा?"

चाँदबी हसता हसता डोळे पुसू लागली. मग मला म्हणाली, "भाऊ, उद्याची संभाजीनगरची गाडी किती वाजता हाय?"