ज्याचा आवाज, त्याला आधी

आबा प्रत्येक गावाला दोनदा जात. एकदा आवाज घ्यायला आणि दुसऱ्यांदा तोच आवाज ज्याचा त्याला ऐकवायला. आयुष्यभर रेडिओत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस धुळ्याहून स्कूटरवर कधी तीस, तर कधी सत्तर किलोमीटर जाई, कुणाच्या तरी ओट्यावर बसे, पिशवीतून छोटा स्पीकर काढे आणि तयार झालेला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवी. ऐकणाऱ्याने मान डोलावली, तरच तो भाग पुढे लोकांपर्यंत जाई. "ज्याचा आवाज, त्याला आधी," एवढेच त्यांचे शास्त्र होते.

धुळ्यातल्याच देवपुरात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. तिथून आम्ही खानदेशातल्या बातम्या, जुन्या आठवणी आणि गाणी यांचे पॉडकास्ट करत असू. खाली गिरणी सुरू झाली की वर ध्वनिमुद्रण बंद. मी चिडायचो. आबा मात्र खिडकीतून वाकून गिरणीवाल्याला विचारत, "किती पायल्या राहिल्या रे?" आणि तेवढा वेळ शांतपणे चहा पीत. लोकांचं पीठ थांबवून आपण लोकांचंच काय ऐकवणार, असे त्यांचे म्हणणे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आबांकडे कामाच्या मुलाखतीला गेलो तेव्हा पुस्तकातली मराठी बोलत होतो. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि घरी आईशी कसा बोलतोस, एवढेच विचारले. मी अहिराणीत दोन वाक्ये बोललो. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितले. ज्या बोलीची मला कॉलेजात लाज वाटायची, तिच्यावर मला काम मिळाले. हे उपकार मी विसरू शकत नाही, आणि म्हणूनच पुढचे सांगणे मला जड जाते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात धुरपाअक्का नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाची, गाणी त्यांच्याइतकी कुणाला येत नसत. गाता गाता त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्या सासरहून पळून पायी माहेरी गेल्या होत्या. वडिलांनी घरात घेतले नाही आणि थोरल्या भावाने त्यांना त्याच दिवशी परत सासरी आणून सोडले. हे सांगताना त्या खळखळून हसत होत्या. पण आबांनी तो भाग ऐकवायला नेला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले.

"हाई काढी टाका, आबा," त्या म्हणाल्या. "मना भाऊ ऐकी."

तो भाऊ सत्तरी ओलांडूनही दर आखाजीला त्यांचा मुऱ्हाळी होऊन, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला, येत असे. एक वर्ष चुकवले नव्हते.

त्याच आठवड्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आबा जळगावला मुलीकडे गेले आणि काम माझ्यावर सोपवून गेले. मी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. मला वाटले, गाण्यांपेक्षा हेच खरे. एवढे जिवंत बोलणे काढून टाकायचे म्हणजे अन्यायच. मी ते ठेवले. चार दिवसांत ते मोबाइलवरून गावोगाव फिरले, आणि भावाने ते स्वतःच्या गावच्या पारावर, चारचौघांत ऐकले. त्या आखाजीला तो आला नाही. धुरपाअक्का पिशवी भरून दोन दिवस ओट्यावर बसून होत्या, असे त्यांच्या सुनेने फोनवर सांगितले.

आबा परतले. रागावले नाहीत. म्हणाले, "ती हसली, ते तू ऐकलंस. काढा म्हणाली, ते नाही ऐकलंस."

मग ते मला घेऊन आधी धुरपाअक्कांकडे गेले आणि मी तोंड उघडण्याआधीच, चूक माझी झाली, असे म्हणून ती स्वतःवर घेऊन मोकळे झाले. तिथून आम्ही भावाकडे गेलो. म्हाताऱ्याने आम्हाला बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाला, "बठ्ठा गावनी ऐकं. आते कोणतं तोंड लिसन तिना दारशी जाऊ?"

"तेच लिसन जाय, नाना," आबा म्हणाले. "तिले दुसरं चालाव नही."

मी हळूच रेकॉर्डरकडे हात नेला. आबांनी नुसते पाहिले. मी हात मागे घेतला. आखाजी उलटून बारा दिवसांनी नाना बहिणीला घ्यायला गेले. त्या दोघांत काय बोलणे झाले, ते आम्हाला माहीत नाही.

धुरपाअक्कांनी मात्र आबांना सोडले नाही. आम्ही दिसलो की त्या दारातून विचारत, "आबा, आज काय काढशात, काय ठेवशात?" बायका हसत. आबाही हसत आणि खाली मान घालून वायर जोडत. परतीच्या वाटेवर मी दोन-तीनदा म्हणालो, की मी खरे सांगून टाकतो. त्यांचे उत्तर ठरलेले. तुला अजून त्या दारात खूप वर्षं जायचंय, माझं काय.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. तेरावे झाल्यावर मी एकटाच धुरपाअक्कांकडे गेलो आणि तो भाग मी ठेवला होता, हे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"इतला वरीस मी त्यास्ले बोलत ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "एक डाव तरी सांगाले जोयजे व्हतं त्यास्नी."

डोळ्याला पदर लावून त्या आत गेल्या. मी निघावे की थांबावे, ते मला कळेना. थोड्या वेळाने सुनेने पाणी आणून दिले. ते पिऊन मी निघालो.

पुढच्या महिन्यात त्यांची नवी गाणी ऐकवायला गेलो. अक्का ओट्यावरच होत्या. मला वाटले, परत पाठवतील. त्यांनी सरकून जागा दिली.

"बठ्ठं ऐकाड," त्या म्हणाल्या. "तुना भरोसा नही."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पहिल्या गाण्यापासून सगळे ऐकवायला सुरुवात केली.