भोईवाड्यापर्यंतची पाळत

माझ्या नवऱ्याने माझ्या माहेरी जेवायला बसल्यावर कारल्याचा रस मागून घेतला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी शिजतंय.

आम्ही राहतो नाशिकला. माहेर लालबागचं. माझ्या धाकट्या भावाच्या, मंगेशच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून आम्ही चांगले आठवडाभर आधी येऊन राहिलो होतो. त्याच्या थोडं आधी ह्यांची साखर वाढलेली निघाली होती आणि डॉक्टरांनी ह्यांना एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं होतं. तिने तळलेलं, गोड, मैदा, बटाटा असं करत करत ह्यांचं अर्धंअधिक आयुष्य बंद केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, घरी सगळेच सांभाळतात, घसरतात ते प्रवासात. तिकडे तुम्हीच लक्ष ठेवा.

हे मला सांगायची गरज नव्हती. पथ्य लागू झाल्यापासून ह्या माणसाने स्कूटरच्या डिकीत शेव लपवली होती. हेल्मेटमधून कचोरी घरात आणली होती. (हेल्मेटला चिंचेच्या चटणीचा वास अजून आहे.) त्यामुळे लालबागला निघताना मी कपड्यांची एक आणि पथ्याची एक अशा दोन बॅगा भरल्या. मोड आलेले मूग, नाचणीचं पीठ, भाजलेले जवस आणि वर कारली. शिवाय ह्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही हेच खाईन, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्यावर हे नुसते हसले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमची आई मालवणची. जावई आला की ती सुरमई तळते, वडे करते, कोंबडीचा रस्सा करते आणि जावई तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत वाढत राहते. त्या दिवशीही पानं मांडली, सुरमईचा वास जिन्यापर्यंत पोचला आणि हे हात धुऊन येत शांतपणे म्हणाले, "आई, मला फक्त वाफवलेले मूग. आणि तो कारल्याचा रस असेल तर द्या."

मंगेशच्या हातातला वडा हातातच राहिला. आईने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"गो, तू ह्यांका घरी जेवूक तरी घालतंस मा?"

त्या दिवसापासून माझ्या माहेरी मी संशयित होते. माणूस सासुरवाडीला सुरमई नाकारतो म्हणजे बायकोने त्याला किती धाकात ठेवलं असेल, अशी चर्चा शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत गेली. आणि इकडे मला ह्यांचा संशय. नाशिकला मूग बघून तोंड फिरवणारा माणूस इथे तेच मूग चावून चावून खात होता, वर आईला चव छान आहे म्हणून सांगत होता. मुगाला चव असते हे मी ह्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

मग सकाळचं फिरणं सुरू झालं. नाशिकला कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे स्कूटरने जाणारे हे लालबागला रोज उठून चालायला जायला लागले. जायचे ते चांगलं ऊन चढल्यावर यायचे, आणि येताना चेहऱ्यावर असं समाधान, की जणू एखाद्या लग्नाच्या पंगतीतून उठून आलेत. मी शर्ट हुंगला. तळणाचा वास. विचारलं तर म्हणाले, चिवडा गल्लीतून चालत आलं की कोणाच्याही शर्टाला तो वास लागतो. हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी बाहीवर लाल पूड दिसली. जिभेला लावून पाहिली. (संशयात माणूस काय काय करतो.) वड्याबरोबर देतात ती सुकी लसणाची चटणी होती. चिवडा गल्लीतून नुसतं चालत जाऊन ती बाहीला लागत नाही.

मी रेश्माला, म्हणजे मंगेशच्या बायकोला, विश्वासात घेतलं. तिने भांडी विसळता विसळता सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ताई, दुसरं काही नसेल ना? म्हणजे कोणी बाई वगैरे?

मी तिला सांगितलं, बाई असती तर परवडलं असतं. बाईने साखर वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी हे खाली उतरले आणि मागोमाग आम्ही दोघी. रेश्माने देवळात जाऊन येतो असं सांगून आईला कटवलं होतं. ओळख लपावी म्हणून मी तिचा गॉगल लावला होता. त्यामुळे मला नीट काही दिसत नव्हतं आणि लालबागमधल्या निम्म्या ओळखीच्या बायका मात्र मला थांबवून, डोळे आले का, म्हणून विचारत होत्या.

हे रमतगमत परळच्या दिशेने निघाले. वाटेत एका वड्याच्या गाडीपाशी थांबले आणि बांधून घेतलेलं पुडकं हातात घेऊन पुढे चालू लागले. मी रेश्माचा दंड घट्ट धरला. पुढे मिठाईच्या दुकानातून जिलबी घेतली. मी तिथेच त्यांना धरायला धावणार होते, पण रेश्माने मला मागे खेचलं. "ताई, खाताना पकडू. आता पकडलं तर म्हणतील, तुझ्यासाठीच घेत होतो." तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती. मंगेशवर तिने आधी कधी हा प्रयोग केला होता का, हे मी विचारलं नाही.

भोईवाड्यात एका जुन्या चाळीच्या जिन्याने हे पुडक्यासकट वर गेले. आम्ही समोर उभ्या राहिलो. हे तोंड पुसत खाली उतरतील, असा आमचा हिशेब होता. पण हे काही येईनात आणि ऊन तापायला लागलं. समोर एक छोटं हॉटेल होतं, खिडकीजवळच्या बाकावरून जिना स्वच्छ दिसत होता. आम्ही जाऊन बसलो. मालकाने काय देऊ विचारलं. काही नको, बसतो फक्त, असं मी म्हटलं तर त्याने बाहेरच्या दगडाकडे बोट दाखवलं. बसायचंय तर तिथे बसा.

म्हणून मिसळ मागवली. फक्त जागा राहावी म्हणून. मी हात लावणार नव्हते, माझं पथ्य होतं. पण प्लेट समोर येऊन भरलेलीच राहिली तर मालकाला संशय आला असता, तेव्हा थोडी खाल्ली. हे अजून आले नव्हते. मग कांदाभजी मागवली, कारण रिकामी प्लेट दिसली की मालक आमच्याकडे रोखून बघायचा. मग आणखी एक मिसळ. मी जिन्यावरची नजर एकदाही काढली नाही. नुसता हात प्लेटकडे जात होता आणि तोंड आपलं काम करत होतं.

शेवटी रेश्मालाच राहवेना. आम्ही उठलो, जिना चढलो आणि गॅलरीतून एकेका दारात डोकावत गेलो. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. पडद्याच्या फटीतून मी आत पाहिलं.

आत दोन म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. मध्ये स्टुलावर वडे आणि जिलब्या. आणि समोर, जमिनीवर मांडी घालून, आमचे हे. हातात काही नाही. तोंडात काही नाही.

"सावकाश घ्या, कांबळेकाका," हे म्हणत होते. "आता चटणीत बुडवा. हं. कसा आहे?"

कांबळेकाकांनी घास घेतला, विचार केला. "वरचं कुरकुरीत. आत गरम. आलं जरा जास्त पडलंय आज."

"आणि मिरची?"

"मिरची मागून येते. आधी कळत नाही."

ह्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली, एखादी तान ऐकल्यासारखी. मग दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाले, "सावंतकाका, तुम्ही जिलबीचं सांगा."

मी पडद्याला धरून उभी होते. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतके दिवस ज्याचे शर्ट हुंगले तो माणूस परक्या घरात मांडी घालून वड्याचं वर्णन ऐकत बसला होता. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. तेवढ्यात रेश्माच्या पर्समधला फोन ठणाणला. आईचा होता. देऊळ कुठल्या गावात आहे, असं तिला विचारायचं होतं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आत जाण्यावाचून इलाज नव्हता. ह्यांनी ओळख करून दिली, आणि कांबळेकाकांनी आम्हाला खाटेवर बसवून सगळं सांगितलं. हे पहिल्या दिवशी मैदानात बाकावर येऊन बसले होते. शेजारी काका वडापाव खात होते. ह्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की काकांनी अर्धा पुढे केला. ह्यांनी हात जोडले आणि म्हणाले, मला चालत नाही, माझ्यासाठी बायकोही मूग खातेय, तुम्ही खा, मी बघतो. तेव्हापासून हे रोज काहीतरी घेऊन येतात. दोन्ही काका एकटे. मुलं लांब राहायला गेलेली, आणि साखर दोघांनाही नाही. "एक कण घेत नाहीत हो विलासराव," काका म्हणाले. "आम्हीच लाजतो. पण खायचं थांबलं की ह्यांचा चेहरा पडतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते, पण डोळ्यांकडे नाही. थोडं खाली.

"तुझ्या हनुवटीला तर्री लागलीय," हे म्हणाले.

रेश्मा लगेच गॅलरीत जाऊन आईला फोन लावायला लागली. मी पदराने हनुवटी पुसली. हे रागावतील, टोमणा मारतील, निदान माझ्या त्या जाहीर प्रतिज्ञेची आठवण करून देतील, असं वाटलं. तसं काही झालं नाही. हे पुढे सरकून बसले. चेहऱ्यावर तीच ती रोजची भूक.

"समोरच्या हॉटेलातली? मला रोज वास येतो. कशी होती गं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण माझं सगळं लक्ष जिन्यावर होतं. ती तिखट होती का आंबट, फरसाण कुरकुरीत होतं का मऊ पडलेलं, मला काही सांगता येईना. भजी तर खाल्ल्याचंही धड आठवत नव्हतं.

"चांगली होती," मी म्हटलं.

ह्यांनी कांबळेकाकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. नापास झालेल्या मुलीच्या आईबापांनी एकमेकांकडे बघावं तसे दोघे बघत होते. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा एवढा निराश झालेला चेहरा मी पाहिला नव्हता. "खायचीच होती," हे हळूच म्हणाले, "तर नीट तरी खायची."

साखरपुड्याला दोन्ही काका आले. ह्यांनी त्यांना जेवताना बरोबर आपल्या समोर बसवलं आणि आपण काकडी खात बासुंदीची खबर घेत राहिले. आईला सगळं समजलं, तरी माझ्यावरचा तिचा ठपका उठला नाही, फक्त कलम बदललं. जावई उपाशी राहिला तो राहिला, पोरगी मात्र हॉटेलात बसून जेवली, असं ती आता पाहुण्यांना सांगते.

नाशिकला परतल्यावर ह्यांची साखर आटोक्यात आलेली निघाली. आहारतज्ज्ञ मुलीने माझं कौतुक केलं, प्रवासात एवढं लक्ष ठेवणारी बायको मिळायला नशीब लागतं म्हणाली. हे त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

आता हे मधूनमधून स्वतःहून सुचवतात, की जरा बाहेर जाऊन ये, कोपऱ्यावर चांगली मिसळ मिळते म्हणे, निवांत बसून खा आणि येऊन मला सगळं सांग. इतक्या प्रेमाने सांगतात की जावंसं वाटतं, आणि मी गेल्यावर हे मागे काय करतील असा संशयही येतो. मी अजून गेलेले नाही. रेश्मा सध्या आमच्याकडे राहायला आलीय, आणि तिने येताना गॉगल आणलाय.