एक पोर जास्त

काल्हेरच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट चालू होती, तेव्हा फोन आला. आत्या गेली. मी सुपरवायझरकडे जाऊन रजा मागितली तर तो मान वर न करता म्हणाला, आज कोणाचा आवाज काढतोयस? त्याची चूक नाही. मी तिथे सगळ्यांच्या नकला करतो, त्याची तर रोज. त्यामुळे माझा खरा रडका आवाज त्याला डुप्लिकेट वाटला. आमच्या घरी फोन लावून त्याने खात्री केली, मगच सोडलं. रिक्षात बसल्यावर मनात आलं, आत्याला हा माणूस लय आवडला असता...

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती भिवंडीत, निजामपुऱ्यात आमच्याकडेच. आणि शंका घेणं हे तिचं फुल टाइम काम. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर जास्त पाणी. दारावर कोणी पत्ता विचारला की ती आधी त्याचाच पत्ता विचारायची. पण हीच बाई दर थंडीत रविवारी आम्हा पोरांना घेऊन एसटीने फिरायला निघायची. मी, माझी बहीण पिंकी आणि धाकट्या काकांचा चिन्या. आई डबा भरून द्यायची नि दारात उभी राहायची. स्टँडवर बसची पाटी वाचून आत्याचं समाधान व्हायचं नाही. ड्रायव्हरला विचारणार, मग कंडक्टरला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. "वज्रेसरीलाच जाते ना गं ही? का हे दोघं मिळालेले हायेत?" ही नक्कल मी अजून केली की घरात सगळे हसतात. म्हणजे हसायचे.

त्या फिरण्याचा एक नियम होता. आमची गल्ली लूमची, घरोघरी कापड विणणारी. कापडाच्या कडेची पट्टी कापून निघते तिला आम्ही चिंधी म्हणतो, आणि गल्लीत तिच्यावाचून काही अडत नाही, डब्याला चिंधी, वेणीला चिंधी, तुटलेल्या दाराला चिंधी. आत्या निघायच्या आधी आम्हा तिघांच्या उजव्या मनगटाला एकाच रंगाची चिंधी बांधायची. गर्दीत तोंडं बघायची नाहीत, मनगटं बघायची. तोंडावर तिचा विश्वास नव्हता. धुळीत सगळी पोरं सारखीच दिसतात, म्हणायची.

मी सातवीत असेन. तेव्हा मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते आणि सगळा जिल्हाच आत्यासारखा झाला होता. तरी आम्ही अकलोलीला गेलो. गरम कुंडात पाय सोडून बसलो, डबा खाल्ला, चार अनोळखी माणसांवर संशय घेऊन झाला आणि परतीला वज्रेश्वरीला आलो. बस लागली आणि जत्रेसारखी गर्दी तुटून पडली. मी खिडकीतून रुमाल टाकून आत घुसलो. मागून आत्या मनगटं धरून पोरं आत ढकलत होती. बसल्यावर तिने हात मोजले. परत मोजले... एक जास्त होता.

चिन्या कधीच शिरून मागच्या सीटवर पेंगत होता. आणि आत्याच्या मांडीशी चमकीच्या फ्रॉकमधली तीनचार वर्षांची एक मुलगी उभी होती, हाताला आमच्याच रंगाची चिंधी, अम्मी अम्मी करून रडत. पहिली शंका आत्याला कोणाची यावी? त्या पोरीचीच. "ही कोणी घातली आपल्यात?" ती मला विचारत होती, तेवढ्यात बाहेर बोंब उठली. पोरगी गायब. माणसं बसमध्ये चढली. एकाने आत्याचा दंड धरला, दुसऱ्याने मोबाइल वर केला, आणि टोळीतली बाई सापडली असं मागपर्यंत पोचलंसुद्धा. सगळ्या जगाची उलटतपासणी घेणारी माझी आत्या... तिच्या तोंडातून शब्द फुटेना. पिंकी तिला चिकटून उभी होती. मी कोणाचाच आवाज काढू शकलो नाही.

मग गर्दीतून पोरीची आई आली. बुरख्याचा पडदा वर केलेला, घामाघूम. पोरीला उचललं, तिचं मनगट बघितलं, मग पिंकीचं बघितलं, मग माझं. दंड धरलेल्या माणसाने तिला विचारलं, हीच बाई उचलून नेत होती ना? सगळी बस तिच्या तोंडाकडे बघायला लागली.

"मीच दिलेली यांच्याकडं," ती म्हणाली. "सीट पकडायला. उतरा तुम्ही सगळे."

बस सुटली. ती आत्याला चिकटूनच बसली, पोरगी मांडीवर. बरंच पुढे गेल्यावर आत्याने खालच्या आवाजात विचारलं, खोटं का बोललीस. ती म्हणाली, "चोर बाई आपली तीन पोरं घेऊन चोरीला येते काय?" तीपण भिवंडीचीच, लूमवाल्यांच्याच घरातली, तिच्याकडेही गर्दीत पोरांना चिंधीच बांधतात. आत्याने हे ऐकलं आणि तरीही उतरेपर्यंत तिच्याकडे तिरकं बघत राहिली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आत्या थांबली. "आता तुझी आय तुमाला माझ्यासंग सोडायची न्हाय," एवढंच बोलली. आम्ही म्हटलं, आम्ही कोणाला सांगणार नाही. तिने ऐकलं नाही. वर्षभर ती या रविवारांवर जगायची, हे आम्हालाही कळत होतं. पण सरळ आत गेली आणि भाकऱ्या थापणाऱ्या आईला म्हणाली, "रंजना, मी आज दुसऱ्याचं पोर उचललं." सगळं सांगितलं, काही न लपवता. आईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेपासून मीपण येते."

फिरणं वाचलं. पण आत्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. टिटवाळा, गणेशपुरी, ठाण्याचा तलाव, जिथे जाऊ तिथे आई आमच्याबरोबर, आणि आत्या माझ्या कानाशी, "तुझी आय पहाऱ्याला येते रं. माझ्यावर भरवसा न्हाय तिचा." आईने कुल्फी घेऊन दिली तरी म्हणायची, तोंड गोड करून लक्ष ठेवते. आम्ही मोठे झालो, फिरणं सुटलं, आत्या अंथरुणाला लागली, आईने तिचं सगळं केलं... तेव्हाही मला जवळ बोलावून म्हणाली, तुझ्या आयला एकदा विचार. मी हसून टाळलं. वाटलं, आई हो म्हणाली तर?

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. परवा संध्याकाळी आई ओट्याशी भांडी लावत होती. मी आत्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बसलो होतो. काय झालं माहीत नाही, मी आत्याच्या आवाजात बोललो. "रंजना, खरं सांग. माझ्यावर पहारा द्यायला येत होतीस ना?"

आईचा हात थांबला. वळली नाही. मला वाटलं, आता ओरडेल.

"नाय ओ ताई," ती म्हणाली. "मलापण जायचं असायचं. तुमी कधी विचारलंच नाय."

आता आत्याने काहीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं... आवाज आलाच नाही. आत्याची शंका मला शंभर तऱ्हेने काढता येते. एखाद्यावर विश्वास बसल्यावर ती कशी बोलायची, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. आई तशीच पाठमोरी उभी होती, ओला हात ओट्यावर ठेवून, उत्तर येईल म्हणून.