पिवळी पर्स

हिंगोलीकडच्या गोरेगावात जावयाच्या घरी पल्लवीचा फोटो भिंतीवर आहे, लग्नातला. मागच्या खेपेला पद्माबाई तिथं गेली तेव्हा सात वर्षांच्या सपनानं त्या फोटोकडं बोट करून विचारलं, "आजी, ही कोण हाय?"

पद्माबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं तोंडाला न लावताच खाली ठेवला.

पल्लवी तिची एकुलती एक लेक. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी ती काविळीनं गेली. सपना तेव्हा तीन वर्षांची. दीड वर्षानं जावयानं, प्रमोदनं, दुसरी बायको केली. ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, असं पद्माबाईला कधी कधी वाटे; कुणावर तरी चिडता आलं असतं. पोरगी तिला मम्मी म्हणे, तिच्याच कुशीत झोपे. सगळं बराबर चाललं होतं, आणि त्या बराबर चालण्यात पल्लवीला जागा उरली नव्हती.

त्याच खेपेला त्या बाईनं पेटीच्या तळातून एक पांढरा स्वेटर काढून दिला. पल्लवीनं शेवटच्या हिवाळ्यात लेकीसाठी विणलेला. आता तो पोरीला येत नाही, मावशी, तुम्हाला पाहिजे तर न्या, असं ती म्हणाली. सपनाला स्वेटरशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पर्स हवी होती, बाजारातल्या बायांसारखी, खांद्याला अडकवायची.

पद्माबाईनं स्वेटर वसमतला आपल्या घरी आणला आणि गाठोड्यात ठेवून दिला. होळी झाली. एका शनिवारी शेजारच्या एसटीडीवर प्रमोदचा फोन आला. पुण्याकडं काम मिळालं होतं, बुधवारी सगळे निघणार होते. लेकराला भेटायचं असेल तर त्याआधी या, म्हणाला.

फोन ठेवला तेव्हाच तिचं ठरलं, स्वेटर उसवून त्याची पर्स विणायची. आईच्या हातची लोकर पोरीच्या खांद्यावर गेली पाहिजे. नाहीतर पुण्यात पल्लवी पुन्हा एकदा मरेल, आणि या वेळी कुणाला कळणारही नाही.

पद्माबाई हळदीच्या मोसमात शिजवणीच्या कढईवर कामाला जाई. तिनं रविवार ते मंगळवारची सुट्टी मागितली तेव्हा मुकादम मुंजाजीनं कारण विचारलं आणि बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पर्स विणून राहिली म्हणे. आता मॅडमला हळदीत कुणी बोलवावं?" बाया हसल्या. पद्माबाईही हसली, कारण सुट्टी मिळाली होती.

दोन सुयांचं विणकाम तिला येत नव्हतं. तिला येई ते क्रोशाचं. सुईही घरचीच, नवरा शेषराव होता तेव्हा त्यानं सायकलच्या तारेचं टोक वाकवून, घासून दिलेली.

हातानं विणलेला स्वेटर उसवायचा तर विणणारीनं जिथं हात थांबवला तिथून सुरुवात करावी लागते. पल्लवीनं गळ्यापाशी तीन गाठी मारल्या होत्या. कुठलीही गोष्ट ती तीनदा बांधायची. त्या सुटता सुटेनात. मग धागा निघाला, आणि ओळीमागून ओळ जाऊ लागली. गळ्याजवळचे टाके सैल होते, कुठं सुटलेले, कुठं दोनदा घेतलेले, आजारी हाताचे. छातीपाशी ते सारखे झाले. खालच्या काठाला तर इतके घट्ट आणि नेटके होते की पद्माबाईचा हात अडला. लेक उलट्या वाटेनं बरी होत चालली होती. आणि ती अगदी ठणठणीत झाली तेव्हा स्वेटर संपला. मांडीवर नुसता कुरळा धागा पडला होता.

उसवलेल्या लोकरीचं कुरळेपण काढायला ती गरम पाण्यातून काढावी लागते. घरातलं मोठं भांडं एकच, कामावरून आणलेला पत्र्याचा डबा. पद्माबाईनं तो राखेनं दोनदा घासला, आत डोकावून पाहिलं. स्वच्छ होता. वीस वर्षं हळदीत काढलेल्या बाईला पिवळं दिसत नाही. तिची नखं पिवळी, पदर पिवळा, घराचा उंबरा पिवळा.

लड्या पाण्यातून वर काढल्या तेव्हा मात्र तिला दिसलं.

लोकर पिवळी झाली होती. दवाखान्यात पल्लवीच्या डोळ्यांत उतरला होता तसला पिवळा, मग तळहातावर, मग सगळ्या अंगावर. पद्माबाईनं एका लडीला साबण लावला तर तिच्यावर लाल डाग उमटले. तिनं हात काढून घेतला. हळदीचा रंग उन्हात उडतो हे तिला ठाऊक होतं, पण त्याला आठ-दहा दिवसांचं कडक ऊन लागलं असतं. तिच्याकडं दोन दिवस होते. ती डब्याशेजारी बसून राहिली. लेकीचं एवढंच उरलं होतं, आणि तेही आपण आपल्या हातानं काविळीत बुडवलं.

दुसरी लोकर नव्हती. तिनं तीच विणली. आधी साखळीचे टाके, मग खांबटाक्यांच्या ओळींवर ओळी, शेवटी लांब पट्टा.

मंगळवारी पहिल्या एसटीनं ती हिंगोलीला, तिथून जीपनं गोरेगावला गेली. घरात सामान बांधलेलं होतं. भिंतीवरचा फोटो खाली काढून कशात तरी गुंडाळला होता. तिनं पर्स पिशवीतून काढली आणि सपनाच्या हातात दिली. प्रमोदनं पर्सकडं पाहिलं आणि मान फिरवली. त्यालाही तो पिवळा ओळखीचा होता.

सपनानं पर्स खांद्याला लावली, मग काढून डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहत राहिली.

"आजी," ती म्हणाली, "माझी पहिली माय अशीच होती ना? पिवळी?"

पद्माबाईनं गुंडाळलेल्या फोटोकडं पाहिलं.

"त्या फोटोतली न्हाई. ती गोरी हाय. माझी माय पिवळी होती. माझ्या तोंडावरून हात फिरवायची."

चार वर्षं पद्माबाईला वाटत होतं की पोरगी विसरली. पोरगी विसरली नव्हती. तिच्यापाशी एवढंच होतं, आणि ते फोटोत कुठंच नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "तशीच होती."

परतीची जीप येऊन उभी राहिली. बाहेर पडताना पद्माबाई थांबली, प्रमोदच्या बायकोचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "लेकी, ती पर्स धुतली तर सावलीतच वाळू घाल. उन्हात नको."