फोनमधली रिकामी गिरणी

लालबागला माझ्या सासूबाईंची मसाल्याची गिरणी होती. शेवटच्या गिऱ्हाइकाची मिरची कांडून झाली की त्या मशीन लगेच बंद करायच्या. रिकामी गिरणी फिरलेली त्यांना खपायचीच नाही.

ऑफिसच्या कामासाठी फोनवर व्हीपीएन लावावं लागतं. काम संपलं तरी ते चालूच राहतं आणि बॅटरी संध्याकाळीच मान टाकते, असं मी त्यांना एकदा सांगितलं. ते चालू असताना वर दिसणारी छोटी किल्लीही दाखवली. झालं! तेव्हापासून मी घरात शिरले की बाई आधी माझा फोन बघतात, आणि किल्ली दिसली की ओरडतात, “गिरणी बंद कर!”

कमाल बाई. बॅटरी आता झोपेपर्यंत पुरते.

काल जेवताना मी ऑफिसच्याच विचारात होते. त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं.

“आणि ही कधी बंद करणार?”