‘जेवलात का?’ विचारणारे ॲप

परदेशी सहलीला गेलेला ग्राहक आपल्याला विसरतो, अशी आमच्या पर्यटन कंपनीला भीती होती. म्हणून ॲप काढले. ऐरोलीच्या ऑफिसात त्याच्यासाठी समई पेटवली गेली आणि साहेबांनी ‘भावनिक जोडणी’ हे शब्द इतक्या वेळा उच्चारले, की मला आमचा वायरमन आठवला.

माझे काम ॲपचे मराठी लिहिण्याचे. आधीचे वाक्य होते, ‘आपला भोजनानुभव कसा होता?’ मला कोणी असे विचारले तर माझी भूकच मरेल. मी तिथे ‘जेवलात का?’ घातले. साहेबांना ते फार घरगुती वाटले, पण चालवून घेतले.

पंचाईत अशी, की आपल्याकडे हा प्रश्न विचारला की लोक उत्तर देतात आणि उलट विचारतातही. पाचपैकी चांदण्या द्यायचे सोडून ते लिहू लागले. प्रमाण मराठी यंत्र वाचायचे; बोलीतले मजकूर ‘अनोळखी भाषा’ असा शिक्का मारून माझ्या पडद्यावर टाकायचे. त्यात ऐरोलीजवळच्या बोनकोड्याच्या एक आजी होत्या. नवऱ्यासोबत स्वित्झर्लंडला गेलेल्या. रोज लिहायच्या, ‘जेवले. भात कच्चा व्हता. तू जेवलास का, बाला?’ ॲप आभार मानून मोकळे व्हायचे. पलीकडे कोणी कामात बुडालेला मुलगा बसला आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी.

एके दिवशी आमच्या चहाच्या वेळेला त्यांचे उत्तर आले: ‘मी जेवले. यांनी शुगरची गोली घेतली पन जेवले नाय. लय घाम आलाय, हात थरथरतान. बाकी सगली डोंगरावर गेलीत. काय करू, बाला?’

खाली ॲपचे उत्तर गेलेलेच होते. ‘धन्यवाद! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ शेजारी हसरा चेहरा.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी टूर मॅनेजरला गाठायला सांगितले आणि स्वतः आजींना फोन लावला.

“आजी, मी ॲपवाला बोलतोय, ऐरोलीहून.”

“आलास का रं! बग ना, यांना धड बोलता येत नाय.”

“शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय?”

“हो, हायत शुद्धीत. पानी गिलतान.”

“शुगर उतरलीय त्यांची. खोलीत साखर आहे?”

“चहासंगं पुड्या ठेवल्यात.”

“पाण्यात विरघळवा आणि हळूहळू पाजा.”

मग बराच वेळ फक्त चमचा वाजत होता आणि मधूनमधून आजी. “प्या गुमान! घरी बासुंदी चोरून खाता, आन् हितं नखरे?” तेवढ्यात दार वाजले. टूर मॅनेजरने डोंगरावरून हॉटेलला कळवले होते. कोणीतरी फळांचा रस घेऊन आले होते. मी फोन कानाला लावून बसलो. ठेववेना.

शेवटी एक पुरुषी आवाज आला. खोल गेलेला, पण वैतागलेला.

“कोनाशी बोलतेस?”

“कंपनीचा पोरगा हाय. ऐरोलीला बसलाय.”

माझी पन्नाशी उलटली आहे. पण ती वेळ वय सांगण्याची नव्हती.

“ऐरोलीला?” आवाजात एकदम जीव आला. “मंग त्याला सांग, आपल्या बिल्डिंगीत जाऊन बग. वरचा भाडेकरू पान्याची मोटर चालू ठेवून झोपला असंल.”

आजी हसत होत्या की रडत, कळेना. “ऐकलास ना रं?”

“ऐकलं,” मी म्हणालो आणि पत्ता लिहून घेतला.