बाबांच्या पायाखालचा ब्रेक

बाबा गाडी चालवायला शिकवतात. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं, पण जादा ब्रेक बाबांच्या पायाखाली. घरही ते तसंच चालवतात.

विद्यापीठात जाण्याआधी माझं खातं उघडायचं होतं. मी चार बँका पालथ्या घालून एक निवडली. किमान शिल्लक नको, कार्ड फुकट, एक शाखा हॉस्टेलसमोरही. बाबा म्हणाले, "खातं तुझं, निवड तुझी." मी मूर्खासारखी हुरळले.

काउंटरवरच्या बाईंनी मोबाइल नंबर विचारला. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी स्वतःचा सांगून टाकला. म्हणजे मी साधं पेन घेतलं तरी ओटीपी यांना जाणार!

"नंबर माझा घाला," मी म्हणाले.

बाबा बाईंकडे बघून हसले. "अहो, हिची आई नर्स आहे, वीस वर्षं पगार घेतेय. तिच्या खात्यालाही माझाच नंबर आहे. कधी तक्रार केली का, विचारा तिला."

आई शेजारीच होती. हाताची घडी, तोंडावर बोट. मग मलाच म्हणाली, "राहू दे ना त्यांचा. कशाला वाद?"

मी रागानं सही ठोकली.

बाहेर बाबा गाडी काढायला गेले, तशी आईनं माझा दंड धरला. "नंबर नंतर बदलता येतो का गं?"

"येतो."

"मग तिकडे गेल्या गेल्या बदल."

"आणि तुझा?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. आई धावत जाऊन मागच्या सीटवर बसली. पुढच्या सीटवर बाबांची बॅग होती.